जुन्या मॅनेजरला ‘आता पुरे’ कसे म्हणावे

खानापूरच्या एका सदस्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मित्रांचा गट लहानपणापासून एकाच इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मागे आहे. ज्या मॅनेजरने, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाने, त्या क्लबला सगळे मिळवून दिले, त्याच्याच हाताखाली संघ आता घसरत चालला आहे. गटातले निम्मे जण ‘त्याला काढा’ म्हणतात आणि उरलेले त्यांना कृतघ्न ठरवतात. परवा एका मुलाने मॅनेजरच्या फोटोला हार घालून तो गटावर टाकला, त्यावरून शिवीगाळ झाली आणि त्या मुलाला गटातून काढण्यात आले. अशा वेळी चाहत्यांनी कसे वागावे आणि त्या मुलाचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. क्लबचे नाव त्यांनी लिहिलेले नाही आणि मीही अंदाज बांधत नाही, कारण उत्तर नावावर अवलंबून नाही.

‘काढा’ म्हणण्यात मला कृतघ्नता दिसत नाही, आणि ‘राहू द्या’ म्हणण्यात निष्ठाही दिसत नाही. मॅनेजरने कधी थांबावे हे ठरवणे संचालक मंडळाचे काम आहे. मंडळ ते काम टाळते तेव्हा ते प्रेक्षकांच्या गळ्यात पडते, आणि प्रेक्षकांजवळ आवाजाखेरीज दुसरे साधन नसल्यामुळे पुढचा सगळा विचका होतो. मी लंडनच्या आर्सेनल क्लबचा जुना चाहता असल्यामुळे हा विचका अगदी जवळून, म्हणजे बेळगावातून जितका जवळून पाहता येतो तितका, पाहिला आहे.

आर्सेन वेंगर 1996 साली जपानमधल्या नागोयाच्या क्लबमधून लंडनला आले आणि 2018 पर्यंत आर्सेनलचे मॅनेजर राहिले. तीन वेळा लीग, म्हणजे हंगामभर चालणारी इंग्लंडची मुख्य स्पर्धा, आणि सात वेळा एफए कप, म्हणजे तिथली बाद फेरीची स्पर्धा, ही त्यांची कमाई आहे. 2003-04 च्या हंगामात 26 सामने जिंकून आणि 12 बरोबरीत सोडवून संघ एकदाही न हरता विजेता झाला. खेळाडूंचा आहार, व्यायामाची शिस्त आणि परदेशातून कमी पैशांत हेरून आणलेली मुले ही त्यांची मुख्य शस्त्रे होती. मात्र दहा वर्षांत ती सगळ्यांच्याच हाती आली. त्यातच 2003 साली चेल्सीला आणि 2008 साली मँचेस्टर सिटीला अफाट पैसा असलेले मालक मिळाले, तर आर्सेनलने सुमारे 39 कोटी पौंड खर्चून नवे स्टेडियम बांधले आणि 2006 पासून त्याचे हप्ते फेडत बसले. ऑन्री, फाब्रेगास, नासरी, व्हॅन पर्सी असे एकेक जण विकले गेले.

इथे चाहत्यांच्या न्यायबुद्धीचा एक विचित्र प्रकार दिसतो. 2005 च्या एफए कपनंतर 2014 पर्यंत आर्सेनलला एकही चषक मिळाला नाही, आणि वेंगर यांच्यावर पहिल्यांदा तोंडसुख घेतले गेले ते याच काळात. पण हाताशी पैसा नसताना, दरवर्षी चांगला खेळाडू गमावत, त्यांनी संघाला लीगमध्ये एकदाही पहिल्या चारांच्या बाहेर जाऊ दिले नाही. माझ्या मते त्यांचे सर्वांत अवघड काम हेच होते. उलट 2014 पासून कर्जाचा ताण सैल झाला, महागडे खेळाडू येऊ लागले, आणि चार वर्षांत तीन एफए कपही मिळाले. खरी उतरण मात्र याच वर्षांत होती. मोठ्या संघांपुढे बचाव कोसळायचा, तीच चूक तशीच पुढच्या वर्षी व्हायची, आणि 2016-17 मध्ये संघ पाचवा व त्यानंतर सहावा आला. चषक दिसला की लोक गप्प बसत आणि चषक नसला की ओरडत. कामाचा दर्जा आणि कपाटातली भांडी यांचा हिशेब एकाच वहीत लिहिला गेला.

2017 च्या मार्चमधला, युरोपच्या स्पर्धेतला, जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्धच्या दोन सामन्यांपैकी दुसरा सामना आमच्याकडे मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता सुरू झाला. घरातली माणसे उठू नयेत म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून तो पाहिला. पहिल्या सामन्यात 5-1 असा मार खाल्लेला, दुसऱ्यातही तेवढाच. चौथा गोल झाल्यावर फोन वाजू लागला आणि पहाटेपर्यंत वाजत राहिला. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, पुण्याला गेलेली आमची मुले, सगळे त्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाबद्दल जे लिहीत होते ते इथे देण्यासारखे नाही. यांतल्या कोणीही आयुष्यात आर्सेनलचे एक तिकीट काढलेले नव्हते. त्याच महिन्यात वेस्ट ब्रॉम या इंग्लिश क्लबच्या मैदानावरून दोन विमाने फलक ओढत गेली. एकावर नवा करार नको असे लिहिले होते आणि दुसऱ्यावर आमचा वेंगरवर विश्वास आहे असे. विमान भाड्याने घेऊन आकाशात भांडणारे चाहते पाहून मला हसावे की रडावे ते कळेना.

त्याआधीचे, 2014 सालच्या हिवाळ्यातले दोन प्रसंग तुमच्या प्रश्नाला अधिक लागू पडतात. नोव्हेंबरच्या शेवटी, त्याच वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर, संघ जिंकला असतानाही बाहेरगावच्या प्रेक्षकांनी एक फलक धरला. त्याचा आशय असा होता की आर्सेन, आठवणींबद्दल आभार, पण आता निरोपाची वेळ झाली आहे. आठवड्याभरात स्टोक या गावी, तिथल्या क्लबविरुद्ध, मध्यंतरापर्यंत 3-0 असे मागे पडून संघ 3-2 ने हरला, आणि परतीच्या गाडीत चढताना रेल्वे स्टेशनवर वेंगर यांना काही चाहत्यांनी तोंडावर हुर्यो केली. दोन्हीकडे मागणी एकच होती. पहिल्या ठिकाणी ती मैदानावर, तिकीट काढून, नावानिशी आणि केलेल्या कामाची नोंद घेऊन मांडली गेली. दुसऱ्या ठिकाणी गाडी पकडणाऱ्या एका वयस्क माणसाला गाठले गेले. माझ्या लेखी पहिले पूर्णपणे योग्य आणि दुसरे पूर्णपणे अयोग्य आहे. मागणी मान्य असली तरी मांडण्याची रीत तपासावी लागते.

सर्वांत परिणामकारक निषेध मात्र ना फलकाचा होता ना शिव्यांचा. 2018 च्या वसंतात आर्सेनलच्या त्या नव्या, एमिरेट्स स्टेडियमवर खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. आधीच पैसे भरलेली माणसे घरी बसली. लंडनमधल्या माणसाजवळ हे हत्यार होते, तुमच्या-आमच्याजवळ नाही. आपल्याजवळ फोन आहे, आणि फोनवरून फेकलेली शिवी संचालकांच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही, ती गटातल्या शेजाऱ्यालाच लागते. खानापुरात झाले ते हेच.

ही मुजोरी लांबून सोपी असते, असे मला आपल्याकडची मैदाने पाहून वाटते. कोल्हापुरात तालमीचा संघ शाहू स्टेडियमवर हरला की प्रशिक्षकाला त्याच पेठेतून घरी जायचे असते. आमच्या बेळगावातही संघाचे ‘सर’ दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या दुकानात भेटतात. त्यामुळे तोंड आवरले जाते. पण याची दुसरी बाजूही आहे: तोंड इतके आवरले जाते की सांगायचे तेही कोणी सांगत नाही. आमच्या भागातल्या एका जुन्या क्लबचे सर वर्षानुवर्षे, एक पैसा न घेता, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात चेंडू भरून मैदानावर येत. पुढे त्यांचे शिकवणे जुने झाले. उंच चेंडू मारा आणि धावा, यापलीकडे डावपेच नाहीत. थोरल्या संघातली पोरे एकेक करून दुसरीकडे गेली, आणि सरांसमोर प्रत्येकाने कॉलेज, नोकरी, गुडघा अशी कारणे सांगितली. शेवटी पूर्वीच्या एका कप्तानाने, ज्याचे स्वतःचे केस पांढरे झाले होते, गणपतीनंतरच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितले, “सर, मोठ्यांचं आता आमी बगतो. बारक्यांचं मात्र तुमच्याशिवाय कोण करनार न्हाई.” सर महिनाभर मैदानाकडे फिरकले नाहीत. नंतर आले, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना चेंडू थांबवायला त्यांच्यासारखे शिकवणारा आजही आमच्याकडे कोणी नाही. त्या कप्तानाशी ते अजून बोलत नाहीत. तरीही त्याने केले ते बरोबरच केले, कारण ते दुसरे कोणी करत नव्हते.

आर्सेनलमध्ये असा कप्तान उरलेला नव्हता. वेंगर यांना आणणारे आणि त्यांच्याशी बरोबरीने वाद घालू शकणारे उपाध्यक्ष डेव्हिड डीन 2007 साली क्लबमधून बाहेर पडले. 2011 साली बहुतांश मालकी अमेरिकेतल्या क्रोएंके यांच्याकडे गेली. खेळाडू घेणे, पगार ठरवणे, सराव, सामना असे सगळे एकाच माणसाभोवती फिरत राहिले, आणि त्याला ‘बस्स’ म्हणणारे वर कोणीच नव्हते. 2017 च्या मेमध्ये चेल्सीला हरवून एफए कप मिळाला आणि काही दिवसांत दोन वर्षांचा नवा करार झाला. त्यातले एक वर्ष बाकी असतानाच 20 एप्रिल 2018 रोजी निरोपाची घोषणा झाली. त्या शेवटच्या हंगामात क्लबने खेळाडू हेरण्यासाठी आणि व्यवहारांसाठी बाहेरून नवे अधिकारी आणले होते. ही घडी दहा वर्षे आधी बसवली असती तर स्टोकच्या स्टेशनवरचा प्रकार कदाचित झालाच नसता.

आता ‘राहू द्या’ म्हणणाऱ्यांसाठी. त्यांनी जुने इंग्लिश मॅनेजर ब्रायन क्लफ यांचे नाव घेण्याआधी ती गोष्ट पुरती वाचावी. 1975 साली दुसऱ्या श्रेणीतल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला हाती घेऊन क्लफ यांनी 1978 ला लीग आणि 1979 व 1980 ला युरोपियन कप मिळवून दिला. 1992-93 मध्ये तोच संघ तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरला, आणि तरी मे 1993 च्या शेवटच्या घरच्या सामन्यात प्रेक्षक उभे राहून त्यांच्या नावाने गात होते. हे दृश्य चाहत्यांच्या मोठेपणाचे म्हणून दाखवले जाते, आणि ते तसे आहेच. पण क्लफ दारूने पोखरले गेले होते, त्यांचा चेहरा ते सांगत होता, शेरिंगहॅम आणि वॉकर हे खेळाडू गेल्यावर त्यांची जागा भरली गेली नव्हती, आणि शेवटपर्यंत त्या माणसाला घरी जाऊन विश्रांती घ्या असे वेळेवर कोणी सांगितले नाही. प्रेमाने गप्प बसणे हेही कधीकधी माणसाला वाऱ्यावर सोडणेच असते. वेंगर यांना शिव्या मिळाल्या आणि क्लफ यांना गाणी. वेळेवर खरे सांगणारे मात्र दोघांनाही मिळाले नाही.

मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन यांचे उदाहरणही प्रत्येक वादात येते, म्हणून एवढेच सांगतो की ते इथे चालत नाही. 1989 च्या डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्ड या त्यांच्या मैदानावर तीन वर्षांच्या सबबींना कंटाळून त्यांना निरोप देणारा फलक लागला आणि पुढे त्यांनी तेरा वेळा लीग जिंकली, हे खरे. पण ते तेव्हा रुजत होते. युवा संघाची बांधणी सुरू होती. तुमचा मॅनेजर सगळे जिंकून झाल्यावर उतरत आहे. पहिल्याला वेळ देणे हा शहाणपणा आहे, दुसऱ्याला तोच न्याय लावणे ही आशा आहे. माणूस बदलला की सगळे सुधारते असेही नाही. शेजारच्या गोव्यात आर्मांदो कोलासो यांनी धेंपो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. ते 2013 साली गेले आणि 2015 मध्ये धेंपो आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमधून, खाली घसरला.

त्या मुलाबद्दल. त्याला परत घ्यावे आणि चित्र मात्र काढून टाकायला सांगावे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणे आपल्याकडे काय समजले जाते हे त्याला समजावण्याची गरज नसावी. घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या बाबतीत तो तसे करणार नाही. त्याचबरोबर ज्यांनी त्याला कृतघ्न म्हटले, त्यांनी तो शब्द मागे घ्यावा. 6 मे 2018 रोजी बर्नलीविरुद्धच्या शेवटच्या घरच्या सामन्यात, जिथे आर्सेनल 5-0 ने जिंकले, खुर्च्याखुर्च्यांवर आभाराचे लाल टी-शर्ट ठेवलेले होते आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत महिनाभरापूर्वी रिकाम्या खुर्च्या ठेवणारेही होते. त्यांना ढोंगी म्हणणारे पुष्कळ निघाले. मला ते ढोंग वाटले नाही. मागणी पूर्ण झाल्यावर हिशेबातली दुसरी बाजू त्यांनी चुकती केली. चुटपुट एवढीच राहिली की चाहत्यांमधल्या दुफळीचे जे चित्र जगभर गेले त्याने आपण दुखावलो, हे वेंगर यांनी जाताना बोलून दाखवले, आणि त्या चित्रात आमच्या बेळगावचा, त्या पहाटेचा वाटा थोडा का होईना होता.

उन्हाळ्यात तुमच्या मॅनेजरला नवा करार मिळाला तर गटात पुन्हा भडका उडेल. त्या वेळी त्याच्या वयावर आणि चेहऱ्यावर बोलू नका. करारावर सही कोणत्या संचालकाने केली, खेळाडू निवडण्याचे काम मॅनेजरखेरीज कोणाकडे आहे आणि त्याच्यानंतरच्या माणसाची तयारी चालू आहे की नाही, हे शोधून काढा, आणि भांडायचेच असेल तर त्या संचालकाच्या नावाने भांडा.