आफ्रिकेच्या राजकारणात नवी वाट पाडणाऱ्या, पण आपल्याकडे फारशा परिचित नसलेल्या एखाद्या स्त्रीविषयी सांगाल का?

मी नायजेरियाच्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांचे नाव घेईन. त्या कधी मंत्री झाल्या नाहीत, त्यामुळे पहिल्या महिला पंतप्रधान, पहिल्या राष्ट्राध्यक्ष अशा याद्यांत त्यांचे नाव येत नाही; परंतु त्यांनी ब्रिटिशांच्या पाठबळावर कारभार करणाऱ्या एका राजाला गादी सोडायला लावली आणि माझ्या मते हे काम कोणत्याही मंत्रिपदापेक्षा मोठे आहे.

त्यांचा जन्म 1900 साली नायजेरियाच्या नैऋत्येतील अबेओकुटा या शहरात झाला. इंग्लंडमध्ये शिकून परतल्यावर त्यांनी शिक्षिकेचे काम पत्करले आणि 1932 मध्ये सुशिक्षित, खात्यापित्या घरांतील स्त्रियांचे एक मंडळ काढले. पुढे बाजारात माल विकणाऱ्या स्त्रियांसाठी साक्षरतेचे वर्ग सुरू झाले, तेव्हा शिकवता शिकवता त्यांची गाऱ्हाणी कानावर येऊ लागली: महायुद्धाच्या नावाखाली विक्रीचा तांदूळ जप्त होत होता, स्त्रियांकडून वेगळा कर वसूल केला जात होता, आणि तो ठरवणाऱ्या कारभारात मात्र एकाही स्त्रीला स्थान नव्हते. 1946 मध्ये मंडळाची अबेओकुटा महिला संघटना झाली आणि तिची दारे बाजारातील स्त्रियांना खुली झाली. माझ्या दृष्टीने त्यांच्या राजकारणाची खरी सुरुवात इथे आहे. त्यांनी इंग्रजी पोशाख टाकून बाजारातल्या स्त्रियांसारखी, तिथल्या योरुबा समाजाची वस्त्रे नेसायला सुरुवात केली, आणि जाहीर सभांत त्या योरुबा भाषेतच बोलत, मग ब्रिटिश अधिकाऱ्यांना दुभाषा शोधावा लागला तरी चालेल.

1947 च्या अखेरीस हजारो स्त्रियांनी अबेओकुटाच्या राजाच्या वाड्यासमोर ठाण मांडले. मोर्चाला परवानगी मिळत नसे, म्हणून या स्त्रिया त्याला सहल किंवा उत्सव म्हणत. अश्रुधुराची नळकांडी अंगावर आली तर ती उचलून परत कशी फेकायची, हेही फुन्मिलायोंनी त्यांना आधीच शिकवून ठेवले होते. राजाची, म्हणजे अलाकेची, निंदा करणारी गाणी या स्त्रिया स्वतः रचत आणि गात. अखेर स्त्रियांवरील वेगळा कर स्थगित झाला आणि 1949 च्या प्रारंभी अलाके आदेमोला यांनी गादी सोडली. पुढच्याच वर्षी ते परतले हे खरे, पण तेवढ्याने या विजयाला उणेपणा येतो असे मला वाटत नाही.

त्याच 1947 साली ब्रिटिशांनी लादलेल्या राज्यघटनेचा निषेध नोंदवायला लंडनला गेलेल्या नायजेरियन शिष्टमंडळात त्या एकट्या स्त्री होत्या. पुढे 1959 मध्ये त्यांच्या एनसीएनसी या राष्ट्रवादी पक्षाने निवडणुकीत उमेदवारी नाकारली, तेव्हा त्या अपक्ष लढल्या आणि पक्षाबाहेर गेल्या. फेब्रुवारी 1977 मध्ये लागोसमध्ये त्यांचे पुत्र, गायक फेला यांच्या घरावर सैनिकांनी हल्ला केला आणि वयाची पंच्याहत्तरी उलटलेल्या या बाईंना वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकले. त्या दुखापतीतून त्या सावरल्या नाहीत. एप्रिल 1978 मध्ये त्यांचे निधन झाले. सर्व स्त्रियांना मताधिकार मिळावा ही त्यांची जुनी मागणी होती. उत्तर नायजेरियातील स्त्रियांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मत दिले ते 1979 मध्ये.