बीटा काढतो, पण टेस्ट कुणी करत नाही

प्रश्न: आम्ही चौघं मिळून नोट्स ठेवायचं एक ओपन सोर्स ॲप बनवतो. वापरणारे बरेच आहेत, पण बीटा (रिलीजआधीची चाचणीची आवृत्ती) काढून "सगळ्यांनी टेस्ट करा" म्हटलं की दोन-तीन जण "मस्त चाललंय" लिहितात आणि रिलीज झाल्यावर बगवर बग यायला लागतात. लोकांकडून नीट टेस्टिंग कसं करून घ्यायचं?

उत्तर: "सगळ्यांनी टेस्ट करा" हीच खरी अडचण आहे, कारण ॲप उघडून नेमकं करायचं काय हे समोरच्याला कळतच नाही. फेडोरावाले (फेडोरा ही लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम) टेस्ट डे ठेवतात ते बघा, दिवस ठरलेला, विषय एकच, म्हणजे नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर असं काहीतरी, टेस्ट केस, म्हणजे काय-काय करून बघायचं त्या पायऱ्या, आधीच लिहून ठेवलेल्या आणि अडलं तर विचारायला माणसं चॅटवर हजर. तुम्हीही असा एक दिवस ठेवा आणि यावेळी फक्त सिंक घ्या, म्हणजे फोन आणि लॅपटॉपवरच्या नोट्स सारख्या राहणं. असं लिहून द्या: फोनचं नेट बंद करा, एक नोट बदला, तीच नोट लॅपटॉपवर वेगळी बदला, आता फोनचं नेट चालू करा, दोन्ही बदल शिल्लक आहेत का? दहा मिनिटांचं काम आहे, आणि एवढं कुणीही करतं. फक्त त्याआधी टेस्टसाठी वेगळं अकाउंट उघडायला सांगा हो, कुणाच्या खऱ्या नोट्स उडाल्या तर तो माणूस परत येणार नाही आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही नाही.

"चाललं" हाही रिझल्टच आहे, पण कोणत्या फोनवर, कोणत्या व्हर्जनवर ते सोबत हवं. आणि बिघडलं असेल तर एक प्रश्न हमखास विचारा, आधीच्या व्हर्जनमध्ये हे चालत होतं का? हो म्हणाला तर तुमचं अर्धं काम झालं, कारण मग गिट बायसेक्ट लावता येतं, म्हणजे चाललेलं आणि बिघडलेलं व्हर्जन यांच्या मधले बदल दर फेरीला निम्मे करत शोधायचं, मधे १००० कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) असले तरी साधारण १० फेऱ्यांत नेमका कमिट हाती लागतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. रिपोर्ट आला की त्याच दिवशी उत्तर द्या, बग लगेच सुटला नाही तरी चालेल. मी एका प्रोजेक्टला स्क्रीनशॉट, लॉग, सगळं जोडून बग पाठवला होता, अख्खी संध्याकाळ गेली होती त्यात, आणि कित्येक महिने कुणी एक ओळही लिहिली नाही, त्यानंतर तिथे काही पाठवायची इच्छाच झाली नाही. "मिळालं, माझ्याकडेही तसंच होतंय" एवढं जरी कुणी लिहिलं असतं तरी मी पुढचे दहा बग शोधून दिले असते. म्हणून चौघांपैकी एकाने टेस्टच्या दिवशी कोडला हात लावायचा नाही, फक्त उत्तरं द्यायची.

टेस्टच्या दिवसाची तारीख रिलीजच्या निदान दोन आठवडे आधीची धरा आणि त्यानंतर नवीन फीचर घेऊ नका. लिनक्स कर्नलमध्येही प्रत्येक व्हर्जनच्या सुरुवातीच्या दोन आठवड्यांत नवं काम आत घेतात आणि मग दर आठवड्याला एक आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे रिलीजआधी तपासायची आवृत्ती), त्यात मुख्यतः दुरुस्त्याच. तुम्ही मधेच फीचर घुसवलंत तर लोकांनी जे तपासलं ते व्हर्जनच उरत नाही, मग त्यांना परत कोणत्या तोंडाने बोलावणार?