केळवणं झाली, लग्न मोडलं, याचा जोक होतो का?

प्रश्न : मी २७ वर्षांची, ऐरोलीला राहते, महापेला आयटीत आहे. कॉलेजपासूनचं रिलेशन, साखरपुडा झाला, हॉल बुक झाला, केळवणंपण सुरू झाली होती आणि लग्नाला तीन आठवडे असताना तो नाही म्हणाला. याला चार महिने झाले. मला स्टँडअप आधीपासून आवडतं म्हणून हिंमत करून अंधेरीला एका ओपन माइकला (जिथे नवीन कुणीही नाव देऊन स्टेजवर बोलू शकतं) गेले, पाच मिनिटं त्याच्यावरच बोलले, किती खोटं बोलला ते सांगितलं, नाव घेऊन त्याचे मेसेज वाचून दाखवले आणि अख्खी रूम गप्प. खाली उतरल्यावर एका मुलीने येऊन विचारलं, तू ठीक आहेस ना? घरी येऊन खूप रडले. हे लवकर झालं का, की मला जमतच नाही? मैत्रिणी म्हणतात त्याला असा मोकळा सोडू नकोस, आई म्हणते घरातलं बाहेर कशाला, आणि मावशी अजून केळवणाच्या साडीचं काय करायचं तेच विचारतेय. हॉलवाल्याने डिपॉझिटसाठी फॉर्म दिलाय, त्यात ‘रद्द करण्याचे कारण’ असा रकाना आहे, तो मी अजून भरलेला नाही.

उत्तर : अगं, तुझ्या पत्रातल्या शेवटच्या दोन ओळी वाचून मी मोठ्याने हसले, आणि त्या दोन ओळी तू स्टेजवर बोललीच नाहीस! मावशीची साडी आणि हॉलवाल्याचा रकाना, तुझा सेट, म्हणजे स्टेजवर बोलायचा मजकूर, तिथे आहे. तो खोटं बोलला हे ऐकून लोकांना तुझ्याबद्दल वाईट वाटतं, त्याचा राग येतो, पण हसायला जागा कुठे आहे? त्याला ते ओळखत नाहीत. मावशीला मात्र सगळे ओळखतात, प्रत्येकाच्या घरात ती आहे.

रूम गप्प झाली त्याचं कारण तुला जमत नाही हे नाही. समोरच्यांना कळत नव्हतं की आपण हसलो तर चालेल का. स्टँडअपमध्ये पहिल्या अर्ध्या मिनिटात लोक हेच बघत असतात, ही सावरलेली आहे ना, की आपल्याला हिला सावरायला लागणार आहे. त्या मुलीने खाली येऊन जे विचारलं ते बाकी सगळ्यांच्याही मनात होतं. म्हणून पहिला जोक असा हवा ज्यातून कळेल की तू ठीक आहेस. उदाहरणार्थ, ‘माझं लग्न मोडलं’ म्हण आणि लोक ‘अरेरे’ करायच्या आत सांग की मावशीचा लगेच फोन आला, ‘केळवणाची साडी परत देणार का?’ मी म्हटलं, ‘साडी देते गं, बासुंदी कशी देऊ?’ याला पुढे शेपूट लावता येतं, की आता घरात दुसऱ्या कुणाचं लग्न ठरलं की मावशी आधी मुलाला फोन करून विचारते, नक्की ना, मग मी दूध आणते. हे तसंच्या तसं वापर असं नाही, तुझी मावशी तुला माहीत, ती काय बोलेल ते तूच लिही. आणि तो रकाना! ‘रद्द करण्याचे कारण’ याची दहा वेगवेगळी उत्तरं लिहून बघ, आईने भरलं तर काय लिहील, त्याच्या आईने भरलं तर काय, हॉलच्या मॅनेजरने स्वतः भरलं तर काय. त्यातली सात वाईट असतील, तीन राहतील, मला त्या तिन्हींबद्दल आत्ताच खात्री आहे.

लवकर आहे का, याचं उत्तर कॅलेंडरमध्ये नाही. टिग नोटारो नावाची अमेरिकन कॉमेडियन ऑगस्ट २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेजवर आली आणि सुरुवातच केली की नमस्कार, मला कॅन्सर आहे. निदान होऊन आठवडापण झाला नव्हता. त्याच काही महिन्यांत तिची आई गेली होती, ब्रेकअप झालं होतं, ते सगळं तिने त्या सेटमध्ये सांगितलं, आणि मध्येमध्ये घाबरलेल्या लोकांना तीच धीर देत होती. पण तिच्यामागे स्टेजवरची कितीतरी वर्षं होती, तुझ्यामागे एक ओपन माइक आहे, हा फरक विसरू नकोस. दुसरीकडे, फार थांबूनही चालत नाही. अमेरिकेत २०१२ च्या सँडी वादळावरच्या जोक्सचा पीटर मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, २०१४ ला तो छापून आला, त्यात दिसलं की वादळ येऊन गेल्यावर लगेच ते जोक लोकांना कमी मजेशीर वाटले, काही आठवड्यांनी सगळ्यात जास्त, आणि नंतर परत कमी. तुझं दुःख म्हणजे वादळ नाही, आठवडे मोजत बसू नकोस, पण चार महिन्यांत तपशील अजून ताजे आहेत तर लिहून ठेव, मावशी नक्की कोणत्या शब्दात बोलली हे वर्षभराने आठवणार नाही.

लिहिणं आणि बोलणं मात्र वेगळं ठेव. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल लिहायला लावलं. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण जे घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. तर तो सगळा संताप, मेसेज, खोटेपणा, सगळं एका वहीत लिही, ती वही कुणाला दाखवायची नाही, आणि स्टेजसाठी दुसरी. पहिल्या वहीतलं दुसरीत कधी जाईल ते तुला आपोआप कळेल, ते वाचताना घशात काही अडकणार नाही.

आणि सगळंच जोकमध्ये जायला हवं असं कुणी सांगितलं? हॅना गॅड्सबी या ऑस्ट्रेलियन कॉमेडियनने २०१८ च्या तिच्या नेटफ्लिक्सवरच्या शोमध्ये हे फार धीटपणे मांडलंय. बसस्टॉपवर एक माणूस अंगावर धावून आला होता, तो किस्सा ती आधी हसवत सांगते आणि शोच्या शेवटाकडे खरं काय झालं ते सांगते, की त्याने तिला मारलं होतं. लोकांना हसता यावं म्हणून तो भाग गाळलेला असायचा. तुझ्याबाबतीतही असा काही भाग असेल तर त्याला पंच, म्हणजे हसवणारी ओळ, शोधू नकोस, तो मैत्रिणीकडे बोल, आईकडे बोल. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, फोन कर, लाजू नकोस.

त्याचं नाव आणि मेसेज पूर्ण काढ, हे मी प्रेमाने पण ठाम सांगतेय. मैत्रिणींना मजा येईल, तुझा सेट मात्र त्याच्याबद्दलचा होईल आणि तुला तर तो तुझ्याबद्दल हवाय. पुढच्या वेळी आख्खी पाच मिनिटं फोनवर रेकॉर्ड कर आणि परत येताना ऐक, अंधेरीवरून मेट्रोने घाटकोपर, मग ठाणे, मग ट्रान्स हार्बरने ऐरोली, एवढ्या वेळात दोनदा ऐकून होतं. कुठे हसले, कुठे खोकले, सगळं कळतं. तोच सेट घेऊन आणखी बऱ्याच ओपन माइकला जा, मगच जमतं की नाही ते ठरव.

प्रश्न : नेरूळला राहतो, ब्रेकअपवर सेट लिहिलाय. मराठीत करू की हिंदीत? हिंदीत पब्लिक जास्त मिळतं.

उत्तर : ज्या भाषेत तुम्ही दोघं भांडलात त्या भाषेत कर. झाकिर खान बघ ना, २०१७ ला त्याचा प्रेमभंगावरचा शो प्राइमवर आला, त्याच्या हिंदीतून इंदूर ऐकू येतं म्हणून तो आपल्याला पोचतो. मराठीत आता भाडिपा या यूट्यूब चॅनेलसारख्या मंडळींमुळे स्टँडअप बघणारे आहेत, वाशी-ठाण्यात तर तुझं पब्लिक शेजारीच राहतं.

प्रश्न : मी ठाण्याला पाचपाखाडीत राहते, वय ६१. मुलाचा गेल्या वर्षी घटस्फोट झाला. तो आता स्टेजवर त्यावर विनोद करतो. त्याचं एक रील आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आलं. सुनेचं नाव नाही पण ती कुठे नोकरी करते ते आहे, सगळ्यांना कळलं. मला तिच्याबद्दल वाईट वाटतं, मुलाबद्दलही वाटतं. त्याला काय सांगू?

उत्तर : ताई, दोघांबद्दल वाईट वाटतंय हे किती छान आहे, तुमच्या जागी बऱ्याच जणी बाजू घेऊन मोकळ्या होतात. त्याला थांबवू नका, पण दोन गोष्टी स्पष्ट बोला. नाव नसलं तरी माणूस ओळखू येत असेल तर बदनामीचा प्रश्न येऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू, आणि त्यात ‘मी खरंच बोललो’ एवढं पुरत नाही, ते सांगणं सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. नोकरीचा उल्लेख त्याने काढायलाच हवा, आणि पोटगी वगैरे काही बाकी असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय क्लिप टाकू नये.

दुसरं, छोट्या रूममध्ये बोललेलं आणि रील यात फार अंतर आहे. समोर बसलेल्या माणसांनी त्याचा चेहरा बघितलेला असतो, मागचंपुढचं ऐकलेलं असतं, रीलमध्ये फक्त बायकोवरचा पंच उरतो. म्हणून तुम्ही त्याचा पूर्ण शो एकदा बघा, त्याला सांगून जा, पहिल्या रांगेत बसू नका, त्याला दडपण येईल. त्यात तो स्वतःबद्दल किती बोलतो आणि तिच्याबद्दल किती, हे तुम्हाला लगेच कळेल, आणि नंतर घरी जेवताना जे खटकलं ते एकेक करून सांगा, आईने नेमकी ओळ दाखवली की मुलगा ऐकतो. ग्रुपवर कुणी परत विचारलं तर ‘त्यालाच फोन करा’ एवढंच लिहा, सुनेबद्दल एक शब्द नको.