निसर्गरम्य शहरात कायमचं राहायला जाताना घर कुठल्या भागात घ्यावं?

तुम्ही विचारलंय की महानगर सोडून डोंगर आणि तलाव असलेल्या एका मध्यम शहरात कायमचं राहायला जायचं ठरलंय, घरात तुम्ही दोघं, शाळेत जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले सासरे आहेत, तर घर टेकडीवर घ्यावं, तलावाकाठी घ्यावं की जुन्या शहरात.

माझं सरळ मत सांगते. जिथून दृश्य दिसतं तिथे घर घेऊ नका. ज्या वस्तीतून त्या दृश्यापर्यंत चालत जाता येतं, तिथे घ्या. आणि पहिलं वर्ष भाड्यानेच काढा. मी स्वतः अशा एका शहरात बऱ्याच वर्षांपासून राहते. बाहेरून हौसेने आलेली आणि दोन-तीन वर्षांत कंटाळून परत गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांना शहर आवडलं होतं, चुकला होता तो फक्त भाग. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

खिडकीतून दिसणारा तलाव पहिले काही महिने रोज पाहिला जातो. नंतर दुपारचं ऊन पाण्यावरून थेट डोळ्यांवर येतं म्हणून पडदा ओढला जातो आणि तो तसाच राहतो. भाडं मात्र दर महिन्याला त्या खिडकीचंच भरायचं असतं. याउलट पंधरा मिनिटं चालून तलावावर जाणारी माणसं वर्षानुवर्षं जातात, कारण ते त्यांचं रोजचं फिरणं होऊन जातं.

आता टेकडीबद्दल. घर डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे हे आधी बघा. आपल्या उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या उतारावर हिवाळ्यात ऊन फार कमी येतं. नॉर्वेतल्या रयुकान गावात डोंगराच्या सावलीमुळे हिवाळ्याचे महिनेच्या महिने सूर्य दिसत नाही, म्हणून 2013 साली त्यांनी डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडलं. आपल्याकडे इतकी वेळ येत नाही, पण सावलीतल्या घरात ओल धरते, कपाटामागे बुरशी येते आणि वयस्कर माणसाचे सांधे हे सगळ्यांच्या आधी ओळखतात. घर बघायला गेलात की भिंतीला टेकवलेलं एखादं कपाट जरा पुढे ओढायला सांगा. नुकताच रंग दिलेल्या घरातसुद्धा कपाटामागची भिंत खरं काय ते सांगते.

उंचीचा फायदा आहे, नाही असं नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. हिवाळ्याच्या शांत रात्री थंड हवा खाली दरीत साचते आणि धूर तिथेच कोंडतो. ग्रेनोबल, सॉल्ट लेक सिटी ही डोंगरांनी वेढलेली सुंदर शहरं याच त्रासासाठी ओळखली जातात. म्हणून अगदी तळाला नको आणि अगदी माथ्यावरही नको. मधला, उन्हाकडे तोंड असलेला आणि फार उभा नसलेला उतार सगळ्यांत बरा.

उतारावरच्या प्रत्येक घरामागे किंवा घराखाली एक संरक्षक भिंत असते. बघायला येणारे लोक तिच्याकडे पाठ करून दृश्य बघत उभे राहतात. तुम्ही वळून ती भिंत बघा. तिच्यात पाणी निघायला भोकं ठेवली आहेत का? ती माती-गवताने बुजली आहेत का? भिंत मध्येच फुगली आहे का, आडवी चीर गेली आहे का? पावसात डोंगराचं पाणी भिंतीमागे साचतं आणि त्याला वाट मिळाली नाही तर सगळा दाब भिंतीवर येतो. वरच्या बाजूची झाडंही पाहा. बुंधे बुडाशी वाकून मग सरळ वर गेलेले दिसले, तर माती हळूहळू सरकत असण्याची शक्यता असते. अशा वेळी इमारतीचं वय, बिल्डरचं नाव, काही ऐकू नका. स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाण्याकाठच्या घराला माझा विरोध जास्त आहे. ‘इथे शंभर वर्षांत एकदाच पूर येतो’ असं तुम्हाला सांगतील. शंभर वर्षांतला पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर तो पूर किमान एकदा बघण्याची शक्यता जवळपास 26 टक्के होते. घर म्हणजे आयुष्यभराची कमाई असेल, तर हा धोका फार मोठा आहे. अमेरिकेतलं ॲशव्हिल हे डोंगरातलं, नदीकाठचं, तुमच्या वर्णनाशी बरंच जुळणारं शहर. हवामान बदलापासून सुरक्षित जागा म्हणून लोक तिथे राहायला जात होते. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळाच्या पावसाने तिथला नदीकाठ बुडाला आणि पाणीपुरवठाही कोलमडला. नळाला पुन्हा पिण्यायोग्य पाणी यायला नोव्हेंबरचा मध्य उलटला. म्हणजे उंचावरच्या, कोरड्या राहिलेल्या घरांनाही सात आठवड्यांच्या वर पिण्याचं पाणी बाहेरून आणावं लागलं. म्हणून फक्त पूररेषा बघून थांबू नका. शहराला पाणी कुठून येतं आणि तुमच्या भागात येणारा रस्ता एकच आहे की दोन, हेही विचारा. एकाच पुलावर अवलंबून असलेली वस्ती मी तरी घेणार नाही.

जुन्या शहरात दवाखाना, शाळा, बाजार सगळं हाताशी असतं. सासऱ्यांचा विचार करता हे सगळ्यांत महत्त्वाचं. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन व्हावा लागतो. तेव्हा रुग्णालय किती दूर आहे यापेक्षा सुट्टीच्या दिवशी, पर्यटकांच्या गर्दीत तिथे पोचायला किती वेळ लागतो, हा खरा प्रश्न. तुम्ही घर बघायला मंगळवारी सकाळी जाल, रस्ता मोकळा दिसेल. हंगामातल्या शनिवारी संध्याकाळी त्याच रस्त्याने एकदा गाडी चालवून पाहा, मग ठरवा.

जुन्या भागाचा तोटा एकच, पण मोठा आहे. तिथली घरं एकेक करून पर्यटकांना रोजाने दिली जातात. मग शेजारी दर दोन दिवसांनी बदलतो, जिना सामानाच्या बॅगांनी भरतो आणि मुलीला खेळायला कोणी उरत नाही. बार्सिलोनासारख्या मोठ्या शहरालाही हे इतकं डोईजड झालं की 2028 अखेरपर्यंत पर्यटकांच्या सगळ्या फ्लॅटचे परवाने बंद करायचं त्यांनी 2024 साली जाहीर केलं. इमारतीत कायमचं राहणारं कोण आहे ते रात्री आठच्या सुमारास जाऊन पाहा. वाळत घातलेले कपडे, दाराबाहेर मुलांच्या सायकली, दारावरच्या जुन्या पाट्या दिसल्या की समजा, इथे माणसं राहतात.

शहराबाहेरचे नवे प्रकल्पही तुम्हाला दाखवले जातील. गाडी चालवता न येणाऱ्या दोन माणसांना, म्हणजे मुलीला आणि सासऱ्यांना, तिथे कायम कोणाची तरी वाट बघत बसावं लागेल. माझ्या मते ते सोडून द्या.

तुमच्या जागी मी असते तर जुन्या शहराच्या कडेला, पर्यटकांच्या मुख्य रस्त्यापासून दोन-तीन गल्ल्या आत, सपाट जागी, पहिल्या मजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत घर शोधलं असतं. मुलीची शाळा आधी नक्की करा आणि घर तिच्या आसपास बघा, कारण चांगल्या शाळा अशा शहरांत मोजक्याच असतात. घरं त्यामानाने मिळतात.

आणि भाडेकरार करताना एक गोष्ट लेखी घ्या. पर्यटनाच्या गावांत काही मालक शांत महिन्यांत घर भाड्याने देतात आणि हंगाम तोंडावर आला की रिकामं करून मागतात. पूर्ण वर्षाच्या आत घर सोडायला सांगता येणार नाही आणि भाडं हंगामानुसार बदलणार नाही, ही दोन्ही वाक्यं करारात असल्याशिवाय अनामत रक्कम देऊ नका.