सोलापुरात मानसिक आजाराचे प्रमाण काढायचे असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : समाजकार्याच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी सोलापूर शहरातील सर्वसामान्य लोकांमध्ये मानसिक आजारांचे प्रमाण किती आणि त्यांपैकी उपचार किती जण घेतात, हे तुम्हाला काढायचे आहे. हाताशी तीन महिने आणि दोनशे माणसांचा नमुना आहे. त्यासाठी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातील ओपीडीच्या नोंदी वापरता येतील का, आणि वाचनात आलेल्या १० टक्के व ४० टक्के या आकड्यांपैकी कोणता धरावा, असे तुम्ही विचारले आहे. शहरात घरोघरी जाऊन आरोग्य सर्वेक्षण करणाऱ्या पथकांबरोबर मी बरीच वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

ओपीडीच्या नोंदींचा प्रश्न आधी निकालात काढू. रुग्णालयापर्यंत कोण पोहोचले, एवढेच त्या नोंदवहीवरून कळते. ज्याचा त्रास घरच्यांना असह्य झाला तो येतो, ज्याला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे आहे तो येतो, ज्याला सोबत यायला कोणी आहे तो येतो. शिवाय सोलापूरच्या दवाखान्यांत धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडील विजयपूर, कलबुर्गी भागातूनही रुग्ण येतात. म्हणजे अंशस्थानी कोणाला धरायचे हे एक वेळ ठरवता येईल, पण छेदस्थानी कोणती लोकसंख्या घ्यायची, हे ठरवताच येणार नाही. २०११च्या जनगणनेतील शहराची साडेनऊ लाख लोकसंख्या खाली लिहून भागाकार केलेले प्रकल्प मी पाहिले आहेत, आणि त्यांतून निघालेल्या आकड्याला काहीही अर्थ नव्हता.

आता दोन आकड्यांविषयी. निम्हान्स या बंगळूरच्या संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांतील ३४,८०२ प्रौढांच्या मुलाखती झाल्या. सध्या आजार असलेल्यांचे प्रमाण १०.६ टक्के आणि आयुष्यात कधीतरी झालेल्यांचे १३.७ टक्के निघाले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही गोष्ट प्रकल्पात आवर्जून नोंदवा, ‘महाराष्ट्रात १०.६ टक्के’ असे वाक्य मी अनेकदा वाचले आहे आणि ते चुकीचे आहे. दुसरे म्हणजे या १०.६ टक्क्यांत तंबाखूचे व्यसन धरलेले नाही. त्याच सर्वेक्षणात एकट्या तंबाखूच्या व्यसनाचे प्रमाण २०.९ टक्के होते. एक आजार यादीत घेतला की एकूण आकडा किती फुगतो, याचा अंदाज यावरून येईल, आणि आपल्याकडे मशेरी-तंबाखूचे प्रमाण पाहता हा मुद्दा किरकोळ नाही.

४० टक्क्यांचा आकडा बहुधा नेदरलँड्समधील नेमेसिस या अभ्यासातून तुमच्यापर्यंत आला असावा. १९९६मध्ये १८ ते ६४ वयाच्या ७,०७६ लोकांच्या मुलाखती घेऊन तो सुरू झाला. ‘आयुष्यात कधीतरी’ असे विचारल्यावर ४१.२ टक्के आणि ‘गेल्या बारा महिन्यांत’ असे विचारल्यावर २३.३ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या आजाराच्या निकषांत बसले. त्याच लोकांना १९९७ आणि १९९९मध्ये पुन्हा गाठल्यामुळे नव्याने आजारी किती झाले, हेही त्यांना सांगता आले. एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून ते कधीच कळत नाही. याउलट पुण्यात जवळपास तीन हजार प्रौढांवर झालेल्या आणि २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयुष्यभराचे प्रमाण जेमतेम पाच टक्के आले. डच माणूस पुणेकरापेक्षा आठपट आजारी आहे, असे कोणी म्हणणार नाही. आजारांची यादी, विचारलेला कालावधी, वयोगट, प्रश्नावली आणि परक्या माणसासमोर मनातले बोलण्याची सवय या सगळ्यांचा परिणाम त्या आकड्यावर असतो. म्हणून कोणता आकडा खरा, यापेक्षा तुमची व्याख्या कोणत्या अभ्यासाशी जुळते, हे आधी ठरवा आणि तुलना त्याच्याशीच करा.

प्रश्नावलीच्या बाबतीत एक प्रसंग सांगते. पूर्व भागातील एका विडी कामगार बाईंच्या घरी आम्ही गेलो होतो. त्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या, शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मी छापील प्रश्न जसाच्या तसा वाचला : गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला बहुतेक वेळ उदास वाटले का? हात न थांबवता त्या म्हणाल्या, “उदास कशाला होऊ बाई? हजार विड्या वळल्याबिगर चूल पेटत नाही.” मी ‘नाही’वर खूण केली. उठून निघाले तेव्हा त्या पायरीपर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “रात्री झोप लागंना, छातीत धडधड होतंय, काहीच गोड वाटंना. डॉक्टर सलाईन लावतात, दोन दिवस बरं वाटतंय.” त्यांचे फॉर्मवरील ‘नाही’ आणि पायरीवरील बोलणे, दोन्ही त्यांचेच उत्तर होते. त्यानंतर आमच्या पथकाने दोन गोष्टी बदलल्या : मुलाखत शक्यतो एकांतात घ्यायची, आणि घरात तेलुगू बोलत असतील तर प्रश्न तेलुगूतून विचारायचे. त्यासाठी प्रश्नांचे भाषांतर करून ते दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मराठीत उलटवून पाहावे लागते; अर्थ कुठे घसरला आहे, ते त्यातूनच दिसते.

पीएचक्यू-९ वापरणार असाल तर एक हिशेब आधी करून पाहा. ही नऊ प्रश्नांची चाचणी आहे, गुण ० ते २७, आणि १० किंवा अधिक गुण आल्यास नैराश्याचा संशय घेतात. २००१च्या मूळ अभ्यासात तिने नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के लोक ओळखले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के लोकांना बरोबर वगळले. आता हजार माणसांत ५० जणांना खरोखर नैराश्य आहे, असे धरू. त्यांपैकी ४४ जण चाचणीत सापडतील. पण उरलेल्या ९५० जणांपैकी ११४ जणही चुकीने त्यात येतील. म्हणजे एकूण १५८, जवळपास १६ टक्के. प्रत्यक्षात प्रमाण ५ टक्के असताना अहवालात १६ टक्के छापले जातील. चाळणीत अडकलेल्या प्रत्येकाची प्रशिक्षित व्यक्तीने पुन्हा मुलाखत घेणार नसाल, तर ‘नैराश्याचे प्रमाण’ असा शब्दप्रयोग टाळा आणि ‘चाचणीत १० किंवा अधिक गुण मिळालेले’ असेच लिहा. वाक्य ओबडधोबड वाटते, पण खरे असते.

उपचारांचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तिथेच दोनशेचा नमुना तोकडा पडतो. राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य-चिंता यांसारख्या आजारांतील सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना होते. तुमच्या दोनशेंपैकी २० जण आजारी निघाले, तर उपचार घेणारे तीन सापडतील. तिघांवरून टक्केवारी काढू नये. शिवाय ‘उपचार घेतले’ म्हणजे काय? एकदा डॉक्टरकडे जाणे वेगळे आणि पुरेसे उपचार मिळणे वेगळे. २१ देशांतील सर्वेक्षणांवर आधारित २०१७च्या एका अभ्यासात, किमान पुरेसे उपचार मिळालेले नैराश्याचे रुग्ण श्रीमंत देशांत पाचांत एक आणि गरीब देशांत सत्तावीसांत एक एवढेच होते. पायरीवर भेटलेल्या बाई ‘डॉक्टरकडे गेलात का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणाल्या असत्या, आणि त्यांना मिळत होती सलाईन.

पाठ्यपुस्तकांत उपचारांतील ही तफावत डॉक्टरांच्या तुटवड्याने समजावली जाते. तुटवडा आहेच, पण तेवढ्याने सगळे उलगडत नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमात गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्याविषयी लोकांना समजेल अशा भाषेत बोलायला लावले आणि मदत घराजवळ आणली. नैराश्य असलेल्यांपैकी कोणाची ना कोणाची मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ज्याला लोक आजारच समजत नाहीत, त्यासाठी दवाखान्याची पायरी कोण चढणार?

म्हणून माझा सल्ला असा की शहराचे प्रमाण काढण्याचा हट्ट सोडा. दोन-तीन वस्त्या निवडा, चाचणीत अधिक गुण आलेल्या पंचवीस-तीस जणांशी सविस्तर बोला आणि त्रास सुरू झाल्यापासून ते कुठेकुठे गेले, ते क्रमाने लिहून काढा : गल्लीतील डॉक्टर, मेडिकल दुकान, देवऋषी, नातेवाईक, मानसोपचारतज्ज्ञ. प्रत्येक ठिकाणी किती खर्च झाला, किती दिवस गेले आणि जाणे का थांबले, हेही विचारा. सोलापूरसाठी हे कोणी नीट लिहून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही. दुपारी घरोघर फिरलात तर बायका आणि म्हातारी माणसेच भेटतील. यंत्रमागावर दिवसपाळीला गेलेला माणूस राहून जाईल आणि त्याच्याबरोबर दारूचा प्रश्नही. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा फेरी ठेवाच.

नैतिकता समितीकडे अर्ज करताना चाचणीतील नवव्या प्रश्नाचे काय करणार, हे स्पष्ट लिहा. तो जीव नकोसा होण्याविषयी आहे. कोणी ‘हो’ म्हटले तर फॉर्म बंद करून पुढच्या घरी जाता येत नाही. त्या दिवशी कोणाला फोन करायचा, त्या व्यक्तीसोबत कोण थांबणार आणि कोणत्या दवाखान्यात न्यायचे, हे आधी ठरलेले हवे. टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरी छापील चिठ्ठीवर देऊन या, उत्तर ‘नाही’ आले तरीही.