टेकडी रिकामी नाहीये हो!

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही पुण्यात रोज सकाळी टेकडीवर फिरायला जातो, पंधरा-वीस जणांचा ग्रुप झालाय, सगळे पन्नाशीच्या पुढचे. या पावसाळ्यात आपणही काहीतरी करूया असं ठरलंय, एकाने गुलमोहराची रोपं फुकट द्यायची तयारी दाखवलीये. कधी लावायची, आणि पाण्याचं कसं करायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, उत्साहाला सलाम, पण गुलमोहर राहू द्या. तो मूळचा मादागास्करचा, सोसायटीच्या गेटपाशी शोभतो, टेकडीवर त्याचं काम नाही. आणि एक सांगू का, आपल्याला जे उजाड माळरान वाटतं ना, ते उजाड नसतंच, तिथे कुसळी-पवन्यासारखी गवतं असतात, चंडोल असतो, टिटवी तर सरळ जमिनीवरच अंडी घालते, साधारण मार्चपासून पावसाळ्यापर्यंत, आणि नेमके त्याच दिवसांत आपण कुदळी घेऊन खड्डे खणत सुटतो! त्यामुळे खणायच्या आधी जागा नीट बघा, टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर तिथून निघायचं.

मी तर म्हणेन पहिलं वर्ष झाडं लावण्यापेक्षा बाहेरून येऊन टेकडीवर माजलेली झुडपं काढण्यात घालवा. घाणेरी नुसती वरून छाटून काहीच होत नाही, दुप्पट फुटते. खोड जिथे मुळाला मिळतं त्याच्या दोन-तीन इंच खाली कुदळीने मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं वर. तिची फळं पक्षी खाऊन बिया पसरवतात, म्हणून फळं धरायच्या आत काढलेली बरी. पिवळा-केशरी कॉसमॉस, ज्याच्यात उभं राहून सगळे सेल्फी काढतात तो, फुलायच्या आधीच उपटा, पावसात माती ओली असते, हाताने येतो. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया, हेही बाहेरचंच झाड) झाडांना मात्र स्वतःहून कुऱ्हाड लावू नका, वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय झाड तोडलं तर गुन्हा होतो.

म्हणजे सगळ्यात आधी तुमच्या भागातल्या वनरक्षकांना भेटा. बरेचदा ती माणसं एकटी एवढी मोठी हद्द सांभाळत असतात, मदत हवीच असते. हिवाळा संपताना जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून, जाळून केलेला मोकळा पट्टा) काढतात तेव्हा गवत कापायला जा (पेटवायचं काम त्यांचं, तुमचं नाही). उन्हाळ्यात धूर दिसला की १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन. टेकडीवरच्या आगी बहुतेक माणसानेच लावलेल्या असतात, विडी, पार्टी, नाहीतर नुसती मस्ती.

एवढं करून झाडं लावायचीच असतील तर सालई, मोई, पांगारा, काटेसावर, मेडशिंगी बघा, तीही ओढ्याच्या किंवा घळीच्या कडेला, माळावर नको. पहिला चांगला पाऊस झाला की लावायची. जितक्या रोपांना पुढचे दोन-तीन उन्हाळे पाण्याचे कॅन वर नेता येतील तितकीच लावा, पन्नाशीच्या गुडघ्यांना विचारून आकडा ठरवा 😄

प्रश्न : आम्ही रोज मोरांना दाणे टाकतो, चालेल ना?

उत्तर : नको. किडे, बिया, सरडे त्यांचे ते शोधतात. दाण्यांवर उंदीर आणि कबुतरं वाढतात, आणि मोर माणसांजवळ यायला लागला की भटक्या कुत्र्यांच्या तोंडी आयता सापडतो.