ताफ्यातली मागची गाडी

प्रश्न : आम्ही बारा गाड्यांचे हौशी चालक अधूनमधून निसर्गरम्य आडरस्त्यांवरून एकत्र सहलीला निघतो, परंतु मागच्या गाड्या हमखास वाट चुकतात आणि मग पुढच्यांना गाठण्यासाठी भरधाव सुटतात. यावर उपाय काय?

उत्तर : बारा गाड्या एकाच माळेत ओवणे हेच मुळात चुकते. चार-चार गाड्यांचे तीन गट करून ते पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडावेत, म्हणजे इतर वाहनांनाही पुढे जाण्यास वाव मिळतो. प्रत्येक चालकाने आरशातून मागच्या गाडीवर लक्ष ठेवावे आणि जेथे फाटा फुटतो तेथे ती गाडी नजरेस पडून तिचा वळणाचा दिवा लुकलुकेपर्यंत कडेला सुरक्षित जागी थांबावे. असे केल्यास मोबाइलला रेंज नसली तरी कोणी चुकत नाही आणि गाठण्याची घाईही उरत नाही.

दोन गाड्यांत किमान तीन सेकंदांचे अंतर असावे. ताशी 60 किलोमीटर वेगाला ते 50 मीटर भरते. पुढची गाडी मैलाच्या दगडाजवळून गेली की सेकंद मोजायला लागावे; तीन सेकंद भरण्याआधी आपली गाडी त्या दगडाशी पोचता कामा नये. उतारावर खालचा गिअर ठेवावा, कारण सतत दाबलेले ब्रेक तापतात, करपल्यासारखा वास येतो आणि त्यांची पकड ढिली पडते.

सर्वांत संथ चालकाला शेवटी ठेवण्याची रीत मला मुळीच पटत नाही. त्याची जागा म्होरक्याच्या लगेच मागे. शेपटाला अनुभवी चालकच हवा, आणि पंक्चरचे साहित्यही त्याच्याच डिकीत असावे.